नदी कुठून वाहायची ते दाखवल्याबद्दल

आदरणीय काकू,
सा. न. वि. वि.

त्रिनिदादची राजधानी पोर्ट ऑफ स्पेनला जाणाऱ्या मराठी माणसांसाठी आम्ही केलेली टिपणं तुम्ही ओळ न् ओळ तपासून परत पाठवलीत, त्याबद्दल मनापासून आभार. खासगीत दोन ओळी लिहून भागलं असतं. पण तुमच्या दुरुस्त्या त्रिनिदादला जाणाऱ्या प्रत्येकाच्या कामाच्या आहेत, म्हणून हे पत्र उघड्यावर.

आधी नकाशाबद्दल. आम्ही बघायच्या जागांना एक ते बारा आकडे दिले होते. तुम्ही ते सगळे खोडलेत आणि पेन्सिलीने दोनच रेषा मारल्यात : जुना किनारा कुठे होता आणि सेंट अ‍ॅन्स नदी कुठून वाहायची. त्या दोन रेषांनी अख्खं गाव उलगडतं. आजचा इंडिपेंडन्स स्क्वेअर ही स्पॅनिश काळातली पाण्याकाठची जागा. त्याच्या दक्षिणेचं जवळजवळ सगळं भराव टाकून मिळवलेलं. म्हणून तर १७८०च्या दशकात समुद्रात बांधलेला फोर्ट सॅन आंद्रेस आज साउथ की रस्त्याच्या कडेला कोरड्यावर बसलाय आणि नवखा माणूस त्याच्या समोरून ‘किल्ला कुठाय?’ विचारत पुढे जातो.

नदीचंही तसंच. ती आजच्या वुडफर्ड स्क्वेअरच्या अंगाने वाहायची. शेवटचा स्पॅनिश गव्हर्नर चाकोन याने १७८७ मध्ये तिला वळवून पूर्वेला लाव्हेंटिलच्या डोंगराच्या पायथ्याशी नेलं, तेव्हा कुठे गावाला हातपाय पसरता आले. आता तिचं नाव ईस्ट ड्राय रिव्हर, नावाप्रमाणेच एरवी काँक्रीटचा कोरडा नाला. पण डोंगरात पाऊस कोसळला की पाणी बघता बघता खाली येतं. भरावाची जमीन सपाट आणि सखल. त्यात भरती असली की गटारांचं पाणी समुद्रात शिरतच नाही. हिंदमाता पाहिलेल्या माणसाला याहून जास्त सांगायला नको. त्यामुळे ‘जून ते डिसेंबर पावसाळा’ या आमच्या कोरड्या ओळीपुढे तुम्ही लिहिलंत ते आता ठळक छापलंय : खालचं गाव सकाळी आठ ते बारात उरकायचं, दुपारच्या सरीआधी वर सवानाकडे, म्हणजे मोठ्या मैदानाकडे सरकायचं. ऑफिसं सुटल्यावर खालचे रस्ते ओस पडतात, तेव्हा संध्याकाळी तिथे रेंगाळू नये. नदीपलीकडे लाव्हेंटिलमध्ये माहितगार सोबत असल्याशिवाय पाऊल टाकू नये, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता लिहिलंत.

राजधानी १७५७ मध्ये सान होसेहून पोर्ट ऑफ स्पेनला हलली, असं आम्ही ठोकून दिलं होतं. तेव्हा हलला तो एकटा गव्हर्नर, कारण सान होसेमधलं त्याचं घर राहण्यालायक उरलं नव्हतं. नगरसभा, म्हणजे काबिल्दो, आली १७८४ मध्ये. त्याआधी वर्षभर, १७८३ मध्ये, स्पेनच्या राजाने कॅथलिक परदेशीयांना इथे जमीन देण्याचा फर्मान काढला होता. फ्रेंच मळेवाले त्यांच्या गुलामांसह आले आणि मासेमारीच्या वस्तीचं शहर झालं. १७९७ मध्ये चाकोनने ब्रिटिश सेनापती अ‍ॅबरक्रॉम्बीपुढे शरणागती पत्करली. हरलेल्याच्या नावाचा रस्ता आणि जिंकलेल्याच्या नावाचा रस्ता आज एकमेकांपासून पाच मिनिटांवर आहेत. १८०८च्या आगीने लाकडी गाव जवळजवळ सगळं गिळलं. पुढे १८१३ पासून गव्हर्नर वुडफर्डने जे आखलं, त्यातलं बरंच आजही आपल्या पायाखाली आहे.

रेड हाऊसबद्दल, म्हणजे संसदेच्या इमारतीबद्दल, आम्ही ‘१९०३ मध्ये दंगलीत जळलं’ एवढंच लिहून मोकळे झालो होतो. तुम्ही समासात विचारलंत, ‘दंगल कशाची?’ पाण्याची! पाणीपट्टीच्या नव्या कायद्याविरुद्ध २३ मार्चला लोक जमले आणि सरकारी इमारत पेटवली गेली. आजची वास्तू १९०७ ची. लाल रंग मात्र आगीआधीचा, १८९७ मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाला साठ वर्षं झाली तेव्हाचा. जुलै १९९० मध्ये बंडखोरांनी याच इमारतीत पंतप्रधानांसह खासदारांना सहा दिवस ओलीस धरलं होतं. दुरुस्तीनंतर संसद २०२० मध्ये इथे परतली. समोरच्या वुडफर्ड स्क्वेअरमध्ये देशाचे पहिले पंतप्रधान एरिक विल्यम्स यांची भाषणं व्हायची. लोक त्या चौकालाच विद्यापीठ म्हणत.

तिथून फ्रेडरिक स्ट्रीटने रमतगमत वर गेलं की अर्ध्या तासात क्वीन्स पार्क सवाना. सुमारे २६० एकरांचं मैदान, १८१७ मध्ये वुडफर्डने एका उसाच्या मळेवाल्या कुटुंबाकडून घेतलेलं. त्या कुटुंबाची दफनभूमी अजून मैदानाच्या मधोमध भिंतीआड आहे. मैदानाभोवतीची वाहतूक एकदिशा, घड्याळाच्या काट्यांप्रमाणे. टॅक्सीत चुकीच्या बाजूला बसलात तर जवळजवळ पूर्ण फेरी घडते, म्हणजे साडेतीन किलोमीटर. पश्चिमेच्या कडेला विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे सात वाडे ओळीने आहेत. दक्षिणेला क्वीन्स रॉयल कॉलेज, उत्तर टोकाला स्कॉटिश धाटणीचा किलार्नी. सगळ्यांची तोंडं पूर्वेला. दुपारनंतर ऊन त्यांच्या पाठीमागे जातं आणि फोटोत नुसत्या काळ्या आकृत्या येतात. आमच्या टिपणातले तिन्ही फोटो तसेच होते, हे तुम्ही न बोलता दाखवून दिलंत.

प्रवासाच्या पानावरच्या तुमच्या खुणांबद्दल तर किती आभार मानावेत! टॅक्सीच्या नंबरात पहिलं अक्षर ‘एच’ हवं. ‘पी’ असेल तर ती खासगी गाडी, भाडं घेणं बेकायदा. त्यात बसू नये. मॅक्सी टॅक्सीचा (म्हणजे ठरलेल्या मार्गावरच्या मिनीबसचा) पट्टा पिवळा असेल तर शहर आणि पश्चिमेकडे, लाल असेल तर पूर्वेकडे, हिरवा असेल तर दक्षिणेकडे. सरकारी बसचं तिकीट बसमध्ये मिळत नाही, आधी स्थानकावर काढायचं. ते स्थानक, सिटी गेट, म्हणजे जुनं रेल्वे स्टेशन. रेल्वे १९६८ मध्ये बंद पडली आणि तिच्या मार्गावर आता बस व लाल पट्ट्याच्या मॅक्सी धावतात.

‘डबल्स’ला आम्ही ‘तिथला वडापाव’ म्हटलं होतं. ते तुम्ही दोनदा खोडलंत, आणि बरोबरच. हळद घातलेल्या मैद्याचे तळलेले, मऊ, चपटे दोन ‘बारा’ (भोजपुरीतला ‘बरा’, आपल्या वड्याचा चुलतभाऊ), त्यांत छोल्यांचा रस्सा, काकडी, चिंच. सकाळचं खाणं, उशिरा गेलात तर पातेलं रिकामं. तिखटाचं विचारतील तेव्हा कोल्हापूरचा अभिमान बाजूला ठेवून ‘स्लाइट’ म्हणायचं. तिथली मिरची स्कॉच बॉनेट या जहाल मिरचीच्या कुळातली आहे.

क्वीन्स पार्क ओव्हल या क्रिकेटच्या मैदानाबद्दलचा गोंधळ तुम्ही सोडवला नसता तर कितीजण भरकटले असते! ‘क्वीन्स पार्क’ ऐकून माणसं सवानावर उतरतात. क्वीन्स पार्क क्रिकेट क्लब पूर्वी तिथेच खेळायचा. १८९६ पासून मैदान आहे ट्रागारेट रोडवर, साधारण किलोमीटरभर नैर्ऋत्येला. मार्च १९७१ मध्ये वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजला पहिल्यांदा कसोटीत हरवलं ते इथेच. मडगावच्या दिलीप सरदेसाईंचं शतक, ११२, आणि पदार्पणात गावसकरांच्या ६५ व नाबाद ६७ धावा. पाच वर्षांनी याच मैदानात भारताने ४०३ धावांचं लक्ष्य चार गडी गमावून गाठलं.

दुरुस्त केलेली प्रत सोबत पाठवत आहोत. कळावे, लोभ असावा.

आपले,
टिपणं करणारी मंडळी

ता. क. पिवळ्या तापाची लस शेवटच्या पानावरून पहिल्या पानावर आणली आहे. त्रिनिदादहून भारतात परतताना दाखला मागतात आणि लस टोचल्यावर तो दहा दिवसांनी लागू होतो. नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. लष्करी छापाच्या कपड्यांना तिथे बंदी आहे, तीही ओळ तिथेच टाकली. लहान मुलांची चड्डीसुद्धा चालत नाही, हे तुमच्याच शब्दांत.