वहाळाला भिंती कशासाठी?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कालच्या अंकात वहाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, सुशोभीकरणाची बातमी वाचली. फोटोत दोन्ही काठांना काँक्रीटची भिंत, तळ खरवडून सपाट, आणि वर मथळा जलसंधारणाचा! राहवलं नाही म्हणून लिहितोय.

आमच्या वाडीतल्या वहाळाचं हेच काम गेल्या निवडणुकीच्या तोंडावर उरकलं. जेसीबीने धोंडे नेले, काठचे करंज-उंबर मुळासकट काढले, तळ पुरुषभर खाली नेला. ग्रामसभेत विषयही आला नव्हता. पूर्वी शिमग्यापर्यंत वहाळाच्या कोंडीत, डोहात, बायका कपडे धूत. आता संक्रांतीलाच तळ कोरडा पडतो आणि काठच्या विहिरींना दोर पुरत नाही. सड्यावरचं, म्हणजे वरच्या कातळपठारावरचं, पाणी जांभ्यातून मुरतं, खालच्या शेडीवर, चिकणमातीच्या थरावर, अडतं आणि उताराला झरा होऊन फुटतं. पावसाळा सरल्यावर वहाळ वाहतो तो याच पाण्यावर. तळ खाली नेला की आजूबाजूच्या जमिनीतलं, विहिरींतलं पाणी त्यात उतरून वाहून जातं. ते थोपवायला धोंडेही उरले नाहीत. आमचा झरा तर भिंतीमागेच गाडला. सांध्यातून अजून त्याचं पाणी ठिबकतं. 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात आम्ही मे महिन्यात टँकरची वाट बघतो.

मृगाच्या पावसात चढणीला आलेले, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर येणारे, मासे आता काँक्रीटच्या पायरीशी अडतात. गाबोळीने भरलेले मासे पोरं बादल्यांनी भरून नेतात. पुढच्या वर्षी मासा येणार कुठून?

22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळुणात वाशिष्ठीचा गाळ काढला, ते समजू शकतो. पण डोंगरातल्या वहाळाला तोच न्याय कसा लावता? गाळ डोंगरावरून येतो. तिथल्या झाडतोडीवर नि चिरेखाणींवर आपल्या बातमीत एक ओळही नाही. कृपया आपल्या वार्ताहराला शिमग्यानंतर पुन्हा त्याच वहाळावर पाठवा आणि तो फोटोही त्याच पानावर छापा.

जाता जाता वनराई बंधाऱ्यांबद्दलही, म्हणजे मातीने भरलेल्या पिशव्या रचून वहाळात घालतात त्या तात्पुरत्या बांधांबद्दलही, लिहितो. श्रमदानाचं मला कौतुकच आहे, दरवर्षी मीही माती भरायला जातो. पण सिमेंटच्या प्लॅस्टिक पिशव्या पावसाआधी कोणी काढत नाही. त्यांच्या चिंध्या खाडीतल्या कांदळवनात लटकतात, कोळ्यांच्या जाळ्यात येतात. बंधारा बांधतानाचे फोटो आपण डिसेंबरात छापता. मे महिन्यात त्या पिशव्या कोण काढणार, हे संबंधित कार्यालयाला एकदा विचाराल का?

आपला,
एक वाचक, ता. राजापूर