मतं मागून झालेला न्यायाधीश

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही चिडलात. "जजनं दारोदार मतं मागायची, वर वकिलांकडून वर्गणी घ्यायची? मग त्या खुर्चीचा मान काय राहिला?" आयुष्यभर कोर्टात बेलिफाची नोकरी केलेल्या माणसाला हे खुपणारच. आपल्याकडे एमपीएससीची परीक्षा दिल्याशिवाय कुणी कनिष्ठ स्तराचा न्यायाधीश होत नाही. इथे टेक्सासमध्ये जिल्हा न्यायाधीश पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो आणि दर चार वर्षांनी पुन्हा लोकांपुढे जातो. फोनवर मला धड सांगता आलं नाही, म्हणून हे पत्र.

आमच्या फोर्ट बेंड काउंटीच्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) 240व्या जिल्हा न्यायालयात सुरेंद्रन पट्टेल न्यायाधीश आहेत. मूळचे केरळमधल्या कासरगोडचे. आई, हे तुझ्यासाठी: दहावीनंतर त्यांची शाळा सुटली आणि ते बहिणीबरोबर विड्या वळायला बसले. सिन्नरला आजी मांडीवर सूप घेऊन दिवस दिवस बसायची, त्यात किती पैसे सुटायचे हे तुला मी सांगायला नको. वर्षभरानं ते पुन्हा शिकायला लागले. हॉटेलात साफसफाई करत कोझिकोडला वकिली शिकले, मग होसदुर्गला आणि पुढे दिल्लीत वकिली केली. बायको नर्स. तिला नोकरी मिळाली म्हणून 2007 साली दोघं ह्यूस्टनला आले. इथे आल्यावर ते आधी किराणा दुकानात कामाला होते. टेक्सासची वकिलीची परीक्षा पास झाले, ह्यूस्टन विद्यापीठात पुन्हा कायदा शिकले, 2017 साली नागरिक झाले. 2020 साली निवडणूक हरले. 2022 साली आपल्याच पक्षाच्या विद्यमान न्यायाधीशाला, पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक फेरीत हरवून नोव्हेंबरमध्ये निवडून आले, आणि 1 जानेवारी 2023 रोजी शपथ घेतली.

त्यांच्या उच्चारांवरून लोकांनी टोमणे मारले. या उच्चारांनी मतं मिळणार नाहीत, असं सांगणारेही होते. नेमणूक करणारी समिती असती तर तिनं हे नाव पुढे केलं असतं का? मला नाही वाटत. इथे मतदारांनी ते केलं, आणि त्याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

पण बाबा, तुमचं म्हणणं मी उडवून लावत नाही. 1995च्या कायद्यानं न्यायाधीशांच्या प्रचाराच्या देणग्यांना मर्यादा घातली, तरी देणारे बहुतेक वकीलच, आणि तेच उद्या त्याच न्यायाधीशासमोर उभे राहतात. 2018 साली शेजारच्या हॅरिस काउंटीत डेमोक्रॅटिक पक्षाच्या लाटेत रिपब्लिकन न्यायाधीशांची जवळपास अख्खी फळी वाहून गेली. कोण निकाल नीट लिहितो, कोण तारखांवर तारखा देतो, हे कुणी पाहिलंच नाही. तेव्हा एकच खूण करून अख्ख्या पक्षाला मत देता यायचं. 2020 पासून ती सोय बंद झाली, हे फार बरं झालं. मी मतपत्रिकेच्या तळापर्यंत जाते, प्रत्येक न्यायाधीशाची माहिती आधी काढून ठेवते. त्याला वेळ लागतो, पण खुर्चीचा जो मान तुम्ही म्हणता, तो इथे मतदारालाच राखावा लागतो.

थंडीत तुम्ही याल तेव्हा आपण रिचमंडला, आमच्या काउंटीच्या कोर्टात जाऊ. सुनावणी कुणालाही बसून ऐकता येते. तिथलं कामकाज बघून तुमचं मत बदललं नाही तरी चालेल, पण काय खटकलं ते मला सविस्तर सांगा. आईच्या गुडघ्याची औषधं तीन महिन्यांची घ्या, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर असू द्या.

तुमची,
मीनल