कार्डावरचा 'ओ पॉझिटिव्ह' एकदा पुन्हा तपासा : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी रक्तपेढीत तंत्रज्ञ आहे. काही वर्षांपूर्वी रात्री एका बाळंतिणीसाठी रक्ताची मागणी आली. गर्भारपणातल्या कार्डावर गट लिहिला होता 'ओ पॉझिटिव्ह'. फ्रिजमध्ये ओच्या पिशव्या होत्या, म्हणून काळजी करू नका, असं नातेवाइकांना मीच सांगितलं. पहिली पिशवी क्रॉसमॅचला, म्हणजे रुग्णाच्या रक्ताशी जुळते का हे पाहायला लावली, तर नळीत गुठळ्या. दुसरी, तिसरी, चौथी, सगळीकडे तेच. बाईंचा गट ओ नव्हताच, बॉम्बे होता.

साहेब, हा गट मुंबईतच सापडला. डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ साली तो जगापुढे मांडला. ए आणि बी ही प्रतिजनं, म्हणजे रक्तपेशींवरच्या खुणा, 'एच' नावाच्या पायावर उभी राहतात. ओ गटाच्या पेशींवर नुसता एच असतो. बॉम्बे गटात तोही नसतो. त्यामुळे स्लाइडवर ए, बी ओळखणारी द्रव्यं (अँटी-ए, अँटी-बी) टाकली की गुठळी होत नाही, पॉझिटिव्ह-निगेटिव्ह ठरवणारं अँटी-डी टाकलं की होते, आणि कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' लिहिलं जातं. पण या माणसांच्या रक्तात एचविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे एच असलेल्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिनं असतात. ओचं रक्त चढलं तर आतल्या आत पेशी फुटतात, जीवही जातो. त्यांना बॉम्बेच लागतो, आणि आरएच निगेटिव्ह असतील तर बॉम्बे निगेटिव्ह.

भारतात साधारण दहा हजारांत एक असा माणूस असतो. तो ओळखायला नवं यंत्र लागत नाही. रुग्णाचं रक्तद्रव (पेशी वगळून उरणारा रक्ताचा पातळ भाग) ओ पेशींशी मिसळून पाहायचं, गुठळी झाली तर बॉम्बेची शंका घ्यायची, एवढंच. गरोदर बाईच्या कार्डावर 'ओ' लिहिण्याआधी ही तपासणी झालीच पाहिजे, असा आदेश आपण काढावा.

दुसरी विनंती साठ्याची. साधी पिशवी ३५ ते ४२ दिवस टिकते. ग्लिसरॉल घालून उणे ८० अंशांखाली गोठवली तर दहा वर्षं ठेवता येते. राज्यात अशी एक तरी सोय हवी आणि बॉम्बे दात्यांची सरकारी यादी हवी. आज आम्ही रात्री-अपरात्री फोन फिरवत बसतो.

त्या बाई वाचल्या, कारण सख्खा भाऊ बॉम्बे पॉझिटिव्ह निघाला आणि पहाटेपर्यंत पोहोचला. भावंडांत हा गट सापडण्याची शक्यता चारात एक असते. त्यांना दोन बहिणीही आहेत. दोघींच्या कार्डावर 'ओ पॉझिटिव्ह' आहे, आणि दोघींची तपासणी अजून व्हायची आहे.

आपला,
एक रक्तपेढी तंत्रज्ञ