सोमवारच्या आत

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

"बाकीच्या गोळ्या घेतो, पण ती मेटोप्रोलॉल नको. जिना चढताना पायांत शिसं भरल्यासारखं होतं. सोमवारपासून बंद." हार्ट अटॅकनंतर तुला दिलेल्या गोळीबद्दलचा तुझा हा मेसेज काल रात्री दोनदा वाचला. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून हे पत्र. सोमवारच्या आत वाच.

आधी माझी कबुली. सहा वर्षांपूर्वी माझ्या अटॅकनंतर मीही हेच केलं होतं. प्रवासात पाकीट संपलं, बरं वाटत होतं, नवीन आणायचं राहिलं. खरं सांगायचं तर मुद्दामच राहू दिलं. तिसऱ्या रात्री जेवून उठलो आणि छातीत धडधड सुरू झाली. घड्याळ समोर ठेवून नाडी मोजली तर ११८. गळपट्टी घामाने भिजलेली. ती रात्र हॉस्पिटलात गेली. नवा अटॅक नव्हता, सुटलो. डॉक्टर रागावले नाहीत, एवढंच म्हणाले: ही गोळी हृदयाच्या पेशींवरचे अ‍ॅड्रेनालिनचे दरवाजे अडवून बसते. दरवाजे अडले की शरीर हळूहळू नवे दरवाजे काढतं. मग गोळी एकदम थांबवली की जुने-नवे सगळे एकदम सताड उघडे. म्हणून ही गोळी बंद करायची झालीच तर डोस टप्प्याटप्प्याने उतरवत, तोही त्यांना विचारून.

आता तुझा दुसरा मुद्दा, "या गोळीचा आता उपयोग नाही असं वाचलंय." विनू, हे अर्धंच खरं आहे, आणि अर्धं खरं फार घातक.

तुझी गोळी बीटा-ब्लॉकर नावाच्या गटातली. या गटातली पहिली नावाजलेली गोळी, प्रोप्रॅनोलॉल, ब्रिटिश शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९६०च्या दशकात शोधली, ती छातीतल्या दुखण्यासाठी. पुढे १९८८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. अटॅकनंतर ती जीव वाचवते हे १९८०च्या सुमारास कळलं. अमेरिकेतल्या ३,८३७ रुग्णांच्या चाचणीत साधारण दोन वर्षांत औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीवरचे ९.८ टक्के लोक गेले, प्रोप्रॅनोलॉलवरचे ७.२. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधीच थांबवली. पण तेव्हा ना नस उघडी ठेवणारे स्टेंट होते, ना कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गोळ्या. तुझी नस काही तासांत उघडली, तशी त्या काळी कुणाची उघडत होती?

म्हणून पुन्हा तपासणं भागच होतं. स्वीडनमधून चाललेल्या चाचणीत (२०२४) हृदयाचं पंपिंग (इएफ, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर टाकतं) ५० टक्के किंवा जास्त असलेल्या ५,०२० जणांत गोळी घेणारे आणि न घेणारे जवळपास सारखेच निघाले. स्पेन-इटलीत (२०२५) ८,५०५ जणांतही तेच. तू वाचलंस ते इथपर्यंतच. त्याच वर्षी नॉर्वे-डेन्मार्कच्या चाचणीत मात्र फायदा दिसला, मुख्यतः दुसरा अटॅक टळण्यात. आणि फ्रान्समध्ये, बऱ्याच दिवसांपासून गोळी घेणाऱ्यांची ती थांबवून पाहिली, तर थांबवणं तितकंच सुरक्षित आहे असं काही सिद्ध झालं नाही. हृदयाच्या तक्रारीने भरती होणारे वाढले.

म्हणजे सगळा प्रश्न एका आकड्यावर येतो: तुझ्या इकोच्या कागदावर इएफ किती? ४० किंवा खाली असेल तर वादच नाही, गोळी हवीच. ४० ते ४९ मध्येही फायदा दिसतोय. ५० किंवा वर असेल आणि ठोक्यांची दुसरी काही भानगड नसेल, तर "किती दिवस घ्यायची?" हे डॉक्टरांना विचारायचा तुला पूर्ण हक्क आहे. विचारायचा, स्वतः ठरवायचा नाही.

थकव्याचं खोटं म्हणत नाही. माझे हात बर्फासारखे व्हायचे, आणि या वयात गणिताच्या पेपरची स्वप्नं पडायची. डोस कमी करून आणि गोळी बदलून माझं बरंच निभावलं. तेव्हा सगळं सांग, ज्या तक्रारीबद्दल पुरुष डॉक्टरांसमोर तोंड उघडत नाहीत तीसुद्धा. शिवाय थकवा सगळा गोळीचाच असं कशावरून? इतके आठवडे पडून राहिलास, मनही खचलंय. चालताना नाडी वाढते का ते बघत बसू नकोस, या गोळीवर ती वाढत नाहीच फारशी. बोलता बोलता चालता येतंय ना, तेवढं बघ.

आणि तुला शुगर आहे, म्हणून एक: साखर उतरली की होणारी धडधड ही गोळी झाकून टाकते. घाम मात्र येतो. उगाच घाम फुटला तर आधी साखर तपास. चक्कर, धाप, किंवा नाडी ५० च्या खाली दिसली तर वाट न बघता फोन कर, मला नाही, डॉक्टरांना. लाँग अ‍ॅक्टिंग गोळी असेल तर चावू नकोस, कुटूही नकोस.

डिस्चार्जची फाइल बहुधा वहिनींकडे असेल, तुला शोधून काही सापडायचं नाही. त्यांना इकोचा कागद काढायला सांग आणि आकडा मला कळव. रात्री कितीही वाजले तरी चालेल, मी जागाच असतो.

तुझाच,
श्री