आधी पोट, मग पथ्य

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मांजराच्या रक्ताचा रिपोर्ट येतो, क्रिएटिनिनच्या (किडनीने गाळून टाकायच्या टाकाऊ पदार्थाच्या) आकड्यापुढे वर जाणारा बाण दिसतो आणि त्याच संध्याकाळी घरातले जुने खाणे बाजूला सारून किडनीच्या खास खाण्याची वाटी समोर ठेवली जाते. मांजर हुंगते आणि निघून जाते. ‘भूक लागली की खाईल आपोआप’ म्हणून घरचे दोन दिवस वाट बघतात. मांजराच्या बाबतीत ही वाट बघणे धोक्याचे असते. दोन-तीन दिवस पोटात काही गेले नाही तर त्याच्या यकृतात चरबी साचू लागते. मांजर लठ्ठ असेल तर हे लवकर होते आणि जिवावरही बेतते. सुरुवातीच्या टप्प्यातली किडनी अनेक मांजरांना वर्षानुवर्षे साथ देते; घात होतो तो उपासमारीने. म्हणून हे पत्र.

आधी रिपोर्टविषयी. किडनीच्या आजाराचे टप्पे सांगणाऱ्या आयरिस या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात मांजराचे क्रिएटिनिन १.६ (मिग्रॅ/डेसिलिटर) च्या आत असले, पण किडनीत बिघाड असल्याचा दुसरा पुरावा असला, तर तो पहिला टप्पा. १.६ ते २.८ हा दुसरा. एसडीएमए या किडनीच्याच दुसऱ्या रक्ततपासणीत दुसऱ्या टप्प्याची मर्यादा १८ ते २५ आहे. टप्पा एका नमुन्यावर ठरवायचा नसतो. अंगात पाणी कमी असले तरी क्रिएटिनिन चढते. म्हणून मांजर नीट खातपीत असताना, काही दिवसांच्या अंतराने दोनदा तपासावे. रक्त द्यायच्या आधी खाणे बंद ठेवायला सांगितले असले तरी पाणी कधीही बंद करू नये. शिवाय क्रिएटिनिन स्नायूंतून येते, त्यामुळे वाळलेल्या म्हाताऱ्या मांजरात ते फसवे कमी दिसते. अशा वेळी एसडीएमएचा आधार घ्यावा.

रक्ताइतकीच लघवी महत्त्वाची आहे, आणि नेमकी तीच तपासायची राहून जाते. लघवीचे विशिष्ट गुरुत्व (म्हणजे तिचा घट्टपणा) १.०३५ च्या खाली असेल तर किडनी लघवी घट्ट करू शकत नाही, अशी शंका घ्यावी. लघवीतल्या प्रोटीनचे क्रिएटिनिनशी प्रमाण ०.४ च्या वर असेल तर त्यावर वेगळे औषध लागते. रक्तदाब मोजून घ्यावा. शांत वातावरणात पुन्हा पुन्हा मोजूनही त्याचा वरचा आकडा १६० च्या वर राहिला तर उपचार हवेत, कारण वाढलेला दाब डोळ्याचा पडदा सुटवतो आणि मांजर एका रात्रीत आंधळे होऊ शकते. वयस्क मांजराचे थायरॉइडही बघावे. ते जास्त असले की किडनीचा आजार झाकला जातो.

घरी करायचे पहिले काम पाण्याचे. बिघडलेली किडनी पाणी धरून ठेवत नाही, म्हणून मांजर जास्त मुतते आणि जास्त पिते. लघवीचा ट्रे वारंवार भरतो म्हणून पाण्याची वाटी उचलून ठेवणारेही असतात. असे कधीही करू नये. कोरड्या दाण्यांत पाणी दहा टक्क्यांच्या आसपास असते, ओल्या खाण्यात पंचाहत्तर ते ऐंशी टक्के. म्हणजे ६० ग्रॅम दाण्यांतून जेमतेम ६ मिली पाणी मिळते आणि २०० ग्रॅम ओल्या खाण्यातून दीडशे मिलीच्या वर. वाटीतून पिऊन हा फरक भरून काढणे बहुतेक मांजरांना जमत नाही. ओल्या खाण्यात एक चमचा कोमट पाणी कालवून सुरुवात करावी, ते मुकाट्याने खाल्ले तर दोन-तीन दिवसांनी दुसरा चमचा. पाण्याच्या वाट्या रुंद तोंडाच्या असाव्यात आणि ट्रेपासून लांब, दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात. मांस शिजवलेले पाणी देणार असाल तर त्यात मीठ, कांदा, लसूण अजिबात नको. कांदा-लसणाने मांजराच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात.

पाणी किती पिते हे मोजायचे असेल तर सकाळी वाटीत ५०० मिली ओता आणि चोवीस तासांनी उरलेले मोजा. तशीच दुसरी वाटी मांजराचे तोंड पोहोचणार नाही अशा जागी ठेवा; तिच्यातून जेवढे उडून गेले तेवढे वजा करा. दिवसाला किलोमागे ५० मिलीच्या वर आकडा जात असेल तर तो लगेच पशुवैद्यकांना कळवा. घरात अनेक मांजरे असतील तर हा हिशेब जमत नाही. तिथे ट्रेमधले ओले गोळे आणि त्यांचा आकार बघणे बरे.

आता पथ्य. किडनीच्या खाण्याचा मुख्य गुण म्हणजे त्यात फॉस्फरस कमी असतो. लोक मात्र प्रोटीनच्या मागे लागतात आणि मांस तोडतात. मांजर मांसाहारी प्राणी आहे, प्रोटीन फार कमी केले की ते स्वतःचे स्नायू जाळते. हे खास खाणे साधारणपणे दुसऱ्या टप्प्यापासून सुरू करतात. पहिल्या टप्प्यात, फॉस्फरस वाढलेला नसताना, फार कडक पथ्य केले तर काही मांजरांचे कॅल्शियम चढते. म्हणून पथ्य सुरू केल्यावर महिना-दोन महिन्यांत फॉस्फरसबरोबर कॅल्शियमही तपासावे. दुसऱ्या टप्प्यात रक्तातला फॉस्फरस ४.६ च्या खाली ठेवायचा असतो. घरी नुसते उकडलेले मांस देणे म्हणजे पथ्य नव्हे. त्यात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य असते.

बदल करायचा तो मांजर आनंदाने खात असेल त्या दिवशी. मळमळत असताना किंवा दवाखान्यात दाखल असताना नवे खाणे पुढे केले तर मांजर ती मळमळ त्या वासाशी जोडते आणि पुढे कित्येक महिने त्याला तोंड लावत नाही. आधी काही दिवस नवे खाणे वेगळ्या बशीत, जुन्याच्या शेजारी नुसते ठेवा. मग जुन्यात एक दशांश मिसळा, तीन-चार दिवसांनी आणखी तेवढेच. चार ते आठ आठवडे लागले तरी हरकत नाही. खाणे कमी झाले की एक पायरी मागे या. वाटी थोडी कोमट केली की वास सुटतो. औषधाची गोळी मात्र या खाण्यात लपवू नये.

निम्म्यावरच गाडी अडली तर निम्म्यावर राहा आणि फॉस्फरस बांधणाऱ्या पावडरीविषयी विचारा. ही पावडर आतड्यात, खाण्यातल्या फॉस्फरसला धरून काम करते. दोन जेवणांच्या मधल्या वेळेत दिलेला डोस वाया जातो. दिवसाची मात्रा प्रत्येक वाटीत विभागून कालवा. बद्धकोष्ठ झाले तर कळवा.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, तान्ह्या बाळाच्या काट्यावर वजन करून वहीत लिहा. चार किलोच्या मांजराचे २०० ग्रॅम गेले म्हणजे पाच टक्के गेले. हाताला ते कळत नाही, वहीत कळते.

माणसांची वेदनाशामके घरातल्या घरात देऊ नका. पॅरासिटामॉलची एक गोळीही मांजराला मारू शकते, आयब्युप्रोफेनने किडनी निकामी होते. लिलीची फुले घरात आणूच नका. पराग चाटले किंवा फुलदाणीतले पाणी प्यायले तरी किडन्या बंद पडतात. सलाइन कातडीखाली घरी देण्याचा आग्रह हल्ली फार दिसतो. सुरुवातीच्या टप्प्यात, स्वतः खातपीत असलेल्या मांजराला त्याची सहसा गरज नसते.

चोवीस तास काही खाल्ले नाही, वाटीपाशी येऊन ओठ चाटत परत जाते, उलट्या थांबत नाहीत किंवा मान खाली लोंबते (पोटॅशियम घसरल्याची ही खूण) तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. बाहुल्या विस्फारून भिंतीला धडकत असेल, किंवा बोका ट्रेमध्ये कुंथतो आणि लघवी होत नाही, तर तासही दवडू नका. सारे ठीक असले तरी दुसऱ्या टप्प्यात दर तीन ते सहा महिन्यांनी रक्त, लघवी आणि रक्तदाब तपासावा, औषध बदलल्यावर दोन-चार आठवड्यांत. जाताना वजनाची वही बरोबर न्यावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक पशुवैद्यक