चर्चचे पुलपिट (प्रवचनपीठ) उपासनेसाठीच राखल्याबद्दल : बाईंना अनावृत आभारपत्र

आदरणीय बाई,

ख्रिस्तात सप्रेम सलाम.

लोकसभेचा निकाल लागला, गुलाल उडाला, मिरवणुका संपल्या, आणि आपल्या भायखळ्याच्या मराठी मंडळीत, म्हणजे चर्चच्या सभासदांत, निवडणुकीआधी एका बाकावर बसणारी माणसे आजही त्याच बाकावर बसत आहेत. यात विशेष ते काय, असे एखाद्याला वाटेल. परंतु २०२४ च्या उन्हाळ्यात या मुंबईत किती सोसायट्यांत आणि किती सख्ख्या भावांत अबोला धरला गेला, हे ज्यांनी पाहिले आहे ते असे म्हणणार नाहीत. आपल्याकडे तसे घडले नाही, याचे श्रेय पुष्कळ अंशी तुमचे आहे. तुम्हाला जाहीर कौतुक आवडत नाही हे ठाऊक असूनही मी हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे, कारण तुम्ही जे केले ते कोणत्याही मंडळीला करता येण्याजोगे आहे.

१६ मार्चला आचारसंहिता लागू झाली, त्यानंतरच्या पास्टरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) सभेत तुम्ही इतर विषयांच्या आधी एकच कलम मोठ्याने वाचायला लावले : मंदिर, मशीद, चर्च किंवा अन्य कोणतेही प्रार्थनास्थळ प्रचारासाठी वापरता येणार नाही. त्यावेळी आम्हा तरुणांना हा निव्वळ शाळेतल्या बाईंचा काटेकोरपणा वाटला होता. पुढे एका उमेदवाराचे कार्यकर्ते नवीन लाऊडस्पीकर, दोन माइक आणि खुर्च्या देण्याची तयारी घेऊन आले, आणि बदल्यात रविवारी उपासनेनंतर ‘साहेबांना दोन मिनिटे बोलू द्या’ एवढेच त्यांचे मागणे होते, तेव्हा त्या कलमाची किंमत आम्हाला कळली. आपला जुना माइक मध्येच खरखरतो, मागच्या बाकावरच्या आजी-आजोबांना वचन ऐकू येत नाही, हे सर्व खरे होते, आणि कमिटीतली दोन-तीन माणसे हो म्हणण्याच्या बेतात होती. तुम्ही त्या मंडळींना चहा दिला, अतिशय नम्रपणे नकार दिला, आणि वर सांगितले की साहेब उपासनेला आले तर त्यांना अवश्य बसायला जागा मिळेल, इतर सर्वांना मिळते तशीच. माइक अजून खरखरतो आहे. मला त्याचे वाईट वाटत नाही.

मुंबईचे मतदान २० मे, सोमवारी होते. त्यामुळे १९ मेचा रविवार प्रचारबंदीच्या अठ्ठेचाळीस तासांत आला, आणि योगायोगाने तोच पेन्टेकॉस्टचा, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाचा, सण होता. त्या दिवशी चर्च भरलेले असणार हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे पुलपिटवरून निदान सूचक काही तरी बोलले जावे, असा आग्रह आपल्याच माणसांकडून झाला. त्याऐवजी पाळकसाहेबांच्या संमतीने तुम्ही मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी करायची, प्रार्थना लिहून आणलीत. बायबलमधल्या तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात सर्व माणसांसाठी आणि अधिकारपदावर असलेल्यांसाठी प्रार्थना करायला सांगितले आहे, त्याच आधाराने त्या प्रार्थनेत दक्षिण मुंबईतले सर्व उमेदवार होते, नावाशिवाय आणि पक्षाशिवाय. पण त्याचबरोबर मतदान केंद्रांवरच्या शिक्षिका, रांगेत उन्हात उभे राहणारे पोलीस आणि ज्यांचे नाव यादीतून गळाले आहे असे मतदारही होते. उमेदवारासाठी प्रार्थना करणे आणि उमेदवाराचा प्रचार करणे यांतला फरक मी त्या दिवशी कानांनी ऐकला.

तुमच्याशी असहमत असणारे आजही आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच पोकळ नाही. इतर समाज आपल्या मतांचे वजन उघडपणे दाखवतात, मग मूठभर ख्रिस्ती लोकांनीच तोंड बांधून का बसावे, असे ते विचारतात. परंतु तुम्ही कोणालाही तोंड बांधायला सांगितले नव्हते. माझगावच्या माथारपाखाडीतले काका बॅप्टिस्टा १९१६ साली लोकमान्य टिळकांच्या होमरूल लीगचे अध्यक्ष झाले आणि पुढे मुंबईचे महापौरही झाले, याची आठवण तुम्हीच आम्हाला करून दिलीत. संविधान सभेचे उपाध्यक्ष हरेंद्र कुमार मुखर्जी हे ख्रिस्ती असूनही धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा नकोत, या बाजूने उभे राहिले, हेही तुम्ही सांगितलेत. ख्रिस्ती माणसाने राजकारणात नागरिक म्हणून उतरावे, मंडळीला गठ्ठा करून कोणाच्या पदरात टाकू नये, एवढाच तुमचा आग्रह होता. आपल्यातले जे सभासद एका पक्षाचे काम करतात, त्यांना तुम्ही थांबवले नाही. मतदान होईपर्यंत त्यांनी पुलपिटवरून निवेदने वाचू नयेत एवढेच सुचवले, आणि त्यांनीही ते मानले.

कायद्याची बाजूही तुम्ही सोडली नाहीत. सांताक्रूझ मतदारसंघातल्या १९९० च्या विधानसभा निवडणुकीवरून सुरू झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी २ जानेवारी २०१७ रोजी, चार विरुद्ध तीन अशा बहुमताने, उमेदवाराच्याच नव्हे तर मतदाराच्या धर्माच्या नावाने मत मागणे हेही भ्रष्ट आचरण ठरवले. ‘आपला माणूस’ म्हणून मत मागणाऱ्याला हे सांगता येते, आणि तसे करणारा ख्रिस्ती असला तरी सांगता येते.

तुमची खरी कमाल मला त्या पत्रात दिसली, जे तुम्ही तरुण संघाकडून लिहून घेतले आणि प्रत्येक उमेदवाराला एकाच मजकुराने पाठवले. त्यातला पहिला प्रश्न दलित ख्रिस्तींचा होता : अनुसूचित जातींचा दर्जा कोणाला हे ठरवणाऱ्या १९५० च्या आदेशात शीख १९५६ साली आणि बौद्ध १९९० साली समाविष्ट झाले, दलित ख्रिस्ती मात्र बाहेरच राहिले. आमच्यापैकी कित्येकांची घरे अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या ज्या वस्त्यांतून इथे आली, त्यांच्या दृष्टीने हा प्रश्न पुस्तकी नाही. दुसरा प्रश्न मुंबईतल्या दफनभूमींच्या अपुऱ्या जागेचा होता, आणि तिसरा, तुमच्या सूचनेवरून, आपल्या वस्तीच्या पाण्याचा, जो सर्व धर्मांच्या नळाला सारखाच कमी येतो. तुम्ही मसुद्यातले ‘आम्ही तुम्हाला मत देऊ’ हे वाक्य लाल पेनाने खोडलेत आणि शेजारी लिहिलेत : ‘प्रश्न विचारा, सौदा करू नका.’ तो कागद मी जपून ठेवला आहे.

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरलेल्या संदेशांविषयी थोडक्यात सांगते. अमुक जिंकले तर चर्च बंद होतील, तमुक जिंकले तर सगळे सुरळीत होईल, अशा मजकुरांवर तुम्ही वाद घातला नाहीत. आपल्या शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा पुढे पाठवण्यालाही लागू होते एवढेच लिहिलेत. त्यानंतर ग्रुप बराच शांत झाला, जरी एक काका अजूनही सकाळी सहा वाजता काही तरी पाठवतातच.

मतदानाच्या दिवशी मोबाइल घरी ठेवा, ओळखपत्र आणि पाण्याची बाटली घ्या, कोणाला मत गेले हे दाखवणारी व्हीव्हीपॅटची चिठ्ठी सात सेकंद दिसते तेव्हा घाई न करता पाहा, या तुमच्या सूचना कित्येक वृद्धांच्या उपयोगी पडल्या. आणि निकालानंतरच्या रविवारी, निवडून आलेल्या खासदारांसाठी नाव घेऊन प्रार्थना झाली तेव्हा, ज्यांचा उमेदवार हरला होता त्यांनीही ‘आमेन’ म्हटले.

पुढच्या निवडणुकाही येतीलच. तरुण संघातल्या ज्यांना अठरा पूर्ण झाली आहेत त्यांचे मतदार नोंदणीचे सहा नंबरचे फॉर्म भरून घेण्याचे काम मी अंगावर घेतले आहे, आणि उमेदवारांना पाठवायच्या पत्राचा नवा मसुदा पुढच्या रविवारी उपासनेनंतर तुमच्याकडे आणीन. लाल पेन कृपया बरोबर असू द्यावे.

आपली कृतज्ञ,
तरुण संघाची चिटणीस
भायखळा, मुंबई