हार्लेमच्या चर्चमधल्या काकांना

आदरणीय काका,

तुमचे आभार मी त्याच संध्याकाळी मानले होते, पण ते पुरेसे झाले नाहीत. माझं डच भाजी-दूध आणण्यापुरतं, त्यात घसा दाटून आलेला. ‘डांक यू वेल’ एवढंच काय ते तोंडातून निघालं. मनात होतं ते मराठीतच नीट सांगता येईल, म्हणून मराठीत लिहितेय. एक मैत्रीण त्याचं डच करून तुमच्यापर्यंत पोचवणार आहे. सगळ्यांना वाचता येईल असं ठेवण्याचं कारण वेगळं. नेदरलँड्समधली आमची कितीतरी मराठी मंडळी ट्युलिप बघायला जाताना हार्लेमवरून जातात आणि ग्रोटे मार्क्ट या मुख्य चौकातल्या त्या मोठ्या चर्चचा बाहेरून फोटो काढून पुढे निघतात. आत काय आहे आणि दाराशी कोण उभं असतं, हे त्यांनाही कळू दे.

आधी बाबांबद्दल सांगते, कारण त्या दिवशी घाईत तुम्हाला अर्धवटच कळलं असेल. बाबा सांगलीचे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली जिथे ‘सीतास्वयंवर’ केलं, ते हे गाव. नाटकातल्या पदांना ऑर्गनची साथ करण्यात बाबांचा उभा जन्म गेला. आमच्या रंगभूमीवरचा ऑर्गन पायाने भाता मारून वाजवायचा असतो. बालगंधर्वांच्या गाण्यामागे जो सूर भरून राहायचा, तो त्याचा. त्यात नळ्या नसतात. हवा पितळेच्या पातळ पट्टीवरून जाते, पट्टी थरथरते आणि सूर निघतो. नळ्यांचा, चर्चमधला ऑर्गन बाबांनी आयुष्यभर फक्त चित्रांत आणि रेकॉर्डवर अनुभवलेला. अलीकडे त्यांचे कान थकले. वरच्या पट्टीतलं निसटतं, माणसांचं बोलणं निसटतं, पण खर्ज अजून पक्का ऐकू येतो. म्हणून तर त्यांनी हट्ट धरला होता. “जिथं खर्जाची नळी दहा मीटरची असते, तिथं मला ऐकू येणारच,” म्हणायचे.

या एका इच्छेची किती जणांनी बोळवण केली, तेही लिहितेच. ज्या सहलीबरोबर बाबा युरोपात आले, तिच्या माणसाने ‘चर्च बाहेरून दाखवतो, आत उगाच वेळ जातो’ म्हणून बस पुढे काढली आणि त्याच दुपारी सगळ्यांना चॉकलेटच्या दुकानात तासभर सोडलं. सहल संपल्यावर बाबा माझ्याकडे राहिले, तेव्हा दुसऱ्या एका शहरातल्या मैफलीची तिकिटं मी मुद्दाम काढली. हातातली काठी बघून तिथल्या बाईंनी त्यांना दाराजवळ, एका जाड खांबामागे बसवलं. दार उघडलं की ट्रामची घंटा ऐकू यायची, ऑर्गन मात्र दिसायचा नाही. पुढच्या रांगा अर्ध्या रिकाम्या होत्या. जागा बदलून द्या म्हटलं, तर ‘काठीवाल्यांची जागा हीच’ असं उत्तर मिळालं. बाबा काही बोलले नाहीत. मध्यंतरात फक्त “चल” म्हणाले. आणि आमच्यातलेच काही, “त्यांना नीट ऐकू कुठं येतं? यूट्यूबवर लावून दे की मोठ्या आवाजात,” असं सांगणारे. चांगली शिकलीसवरलेली माणसं ही. कान थकले म्हणजे कानाची समजही गेली, असं कसं कुणाला वाटू शकतं? मला त्याचा राग आजही येतो.

त्या मंगळवारी हार्लेमला आलो ते मी मनात फारशी आशा न धरता. दारात तुम्ही कार्यक्रमपत्रिका हातात दिलीत आणि आम्ही जाऊन अगदी ऑर्गनच्या पायथ्याशी बसलो. बाबा मान मागे टाकून बघत राहिले. क्रिस्टियान म्युलरने १७३५ ते १७३८ या काळात बांधलेला हा ऑर्गन, पाच हजारांहून जास्त नळ्यांचा, हातांनी वाजवायच्या तीन पट्ट्या (कीबोर्ड) आणि पायांसाठी वेगळी पट्टी असलेला. संगीतकार हँडेलने तो वाजवला, १७६६ मध्ये दहा वर्षांच्या मोझार्टने वाजवला. हे सगळं मी बाबांना वाचून दाखवत होते, आणि बाबा वर सोनेरी पुतळ्यांकडे न बघता विचारत होते, “भाता कुठाय गं याचा?”

मग वादन सुरू झालं आणि बाबांचे पाय हलायला लागले. डावा, उजवा, डावा, उजवा, बुटांच्या टाचा फरशीला टेकलेल्या आणि चवडे दाबले जाताहेत, भाता मारल्यासारखे. त्यांना स्वतःला ते कळतही नव्हतं. मला पटकन संकोच वाटला, कारण शेजारचे दोघे-तिघे वळून बघायला लागले होते. तुम्ही बाजूच्या खांबाशी उभे होतात. तुम्हीही बघत होतात, पण तुम्ही काय बघितलंत ते पहिला तुकडा संपल्यावर कळलं. जवळ येऊन, वाकून, मला हळूच विचारलंत, “हे वाजवतात ना?”

काका, तोवर त्या प्रवासात बाबांना कुणी वादक म्हणून ओळखलं नव्हतं. ते म्हातारे होते, काठीवाले होते, कमी ऐकू येणारे होते. तुम्ही त्यांच्या पायांवरून त्यांना ओळखलंत. मी मोबाइलमधला त्यांच्या ऑर्गनचा फोटो दाखवला, तो तुम्ही दोन बोटांनी मोठा करून खालच्या पायट्या बघितल्यात. मग बाबांच्या कानातल्या यंत्राकडे बोट दाखवलंत, आपल्या कानातलं दाखवलंत, आणि दोघेही हसलात.

आणि मग तुम्ही खुर्ची उचललीत.

त्या संध्याकाळचं मला सगळ्यात जास्त काय लक्षात राहिलं असेल, तर ते हे. तुम्ही स्वतः सत्तरीच्या पुढचे. कुणाला हाक मारली नाहीत, मला उचलू दिलं नाहीत. तिथली जमीन सगळी जुन्या थडग्यांच्या दगडांची, कुठे उंच कुठे सखल, झिजलेल्या अक्षरांची. खुर्ची ओढली असती तर तो आवाज छतापर्यंत गेला असता. तुम्ही ती छातीशी धरून नेलीत, बाबांच्या चालीने, त्यांच्या काठीबरोबर थांबत थांबत. चर्चच्या मध्यावर नेऊन ठेवलीत, हाताने दाबून पाहिलीत, एक पाय डुगडुगतोय म्हणून वीतभर सरकवलीत, आणि मग बाबांना बसायची खूण केलीत.

तिथे बसल्यावर कळलं की ऑर्गनच्या पायथ्याशी आम्ही ऑर्गन ऐकतच नव्हतो. खाली कठड्यावर बसवलेला नळ्यांचा जो छोटा संच असतो, तेवढाच कानावर येत होता. उरलेला सगळा आवाज डोक्यावरून पलीकडे जात होता. मध्यावर मात्र वरचं, खालचं, बाजूचं एकत्र मिसळून येत होतं. प्रत्येक सुराच्या सुरुवातीला नळीचा तो बारीकसा ‘फ्च’ असा उच्चार, बासरीत फुंक शिरताना येतो तसा, इथे स्पष्ट ऐकू आला. बाखची एक संथ रचना होती. खाली मऊ बासऱ्यांसारखा भरणा आणि वर एकच अनुनासिक, धारदार स्वर गात होता. बाबा पुढे झुकले. तुम्ही माझ्या हातातल्या पत्रिकेवर पेन्सिलीने लिहून दिलंत, ‘सेस्क्विआल्टर’, म्हणजे त्या धारदार स्वराच्या नळ्यांच्या संचाचं नाव, आणि त्याखाली नळ्यांच्या लांबीचे, फुटांतले दोन आकडे: २⅔ आणि १⅗.

त्या आकड्यांनी बाबांना रात्रभर झोप लागू दिली नाही. सकाळी चहा घेताना त्यांनी मला कागदावर हिशेब मांडून दाखवला. मूळ नळी आठ फुटांची धरली, तर तिला तिनाने भागलं की २⅔ येतं आणि पाचाने भागलं की १⅗. तिसऱ्या हिश्शाची नळी पंचम देते, पाचव्या हिश्शाची गंधार. तानपुऱ्याचा खर्ज छेडला की त्यातून गंधार आपोआप उमटतो, तो ऐकायला शिकण्यात आमच्या गवयांची वर्षं जातात. तुमच्याकडच्या कारागिरांनी त्याच गंधारासाठी वेगळी नळी ओतली, वेगळा स्टॉप, म्हणजे त्या नळ्या चालू-बंद करणारी खुंटी, केला, हवा तेव्हा ओढायचा, नको तेव्हा बंद करायचा. त्या दोन आकड्यांनी बाबांच्या डोक्यात सांगली आणि हार्लेम एका रेषेत आणून ठेवले. वय विसरून ते मला पंचमाच्या नळीची लांबी पुन्हा पुन्हा विचारत होते, मी चुकतेय का ते बघायला.

पण मी पुढे गेले. शेवटच्या तुकड्याआधी तुम्ही परत आलात आणि खुर्ची परत उचललीत. या वेळी पार टोकाला, पितळी जाळीजवळ नेलीत. तिथे ऑर्गन इतका दूर, की मला वाटलं, आता यांना काय ऐकू येणार? तुम्ही मात्र ठाम होतात. आपल्या छातीवर हात ठेवून मला थांब म्हणालात.

तिथे उच्चार हरवले, बारीक स्वर एकमेकांत विरघळले, सगळ्या चर्चने आवाज आपल्यात घेऊन परत सोडला. वादकाने पायाखाली ३२ फुटी नळ्या उघडल्या. इतक्या लांब नळीचा अगदी तळाचा सूर सेकंदाला सोळाच्या आसपास कंपनांचा असतो. तो कानाने ऐकण्याइतकाच अंगाने ऐकायचा. तो खुर्चीतून आला, दगडातून आला, बाबांच्या काठीतून त्यांच्या तळव्यात आला. आमच्या पितळी पट्टीच्या ऑर्गनमध्ये हा खर्ज नाही. बाबांनी कानातलं यंत्र काढून खिशात ठेवलं. “आला,” म्हणाले. “आता आला.” शेवटचा सूर सुटल्यावरही त्याची आस काही सेकंद छताखाली फिरत राहिली, आणि बाबांचे पाय पहिल्यांदाच थांबले.

तुमच्याकडे नियम नसतील असं नाही, जागाही ठरलेल्या असतील. पण माणूस कुठे बसला तर त्याला ऐकू येईल, एवढाच विचार तुम्ही केलात. मदत करणारे पुष्कळ भेटतात. दार उघडून धरणारे, लिफ्ट दाखवणारे, ‘काही लागलं तर सांगा’ म्हणणारे. त्यांचंही मोल आहेच. पण समोरच्याकडे नीट बघून, न सांगता त्याला काय हवंय ते ओळखणारा माणूस विरळा, आणि ओळखून पुन्हा त्याचा गाजावाजा न करणारा त्याहून विरळा. आम्ही निघताना तुम्ही दारात पुढच्या मंगळवारची पत्रकं जुळवत बसला होतात, जसं काही झालंच नाही.

हार्लेमचा हा ऑर्गन शहराच्या मालकीचा आहे आणि त्याचे वादक शहराने नेमलेले असतात, हे मी नंतर वाचलं. नेदरलँड्समध्ये कॅल्विनपंथी प्रोटेस्टंट सत्तेवर आल्यावर प्रार्थनेत ऑर्गन नको झाला होता, तरी बऱ्याच गावांनी ऑर्गन मोडले नाहीत. नगरपालिकांनी वादकांना पगार देऊन लोकांसाठी वाजवायला लावलं. १९५९ ते १९६१ मध्ये डेन्मार्कच्या मार्कुसेन या ऑर्गन बांधणाऱ्या कंपनीकडून हा ऑर्गन नीट करून घेतला. इतक्या पिढ्यांनी जपलेली ही वस्तू सांगलीच्या एका म्हाताऱ्यालाही त्याच मोकळेपणाने मिळाली, याचं मला फार अप्रूप वाटतं. आमच्याकडे नाटक मंडळ्यांचे जुने ऑर्गन कुठे कुठे धूळ खात पडलेत, भाते फाटलेले, पट्ट्या गंजलेल्या, आणि ते दुरुस्त करणारे हात कमी होत चाललेत. बाबा परत गेल्यापासून ओळखीच्या एका नाट्यगृहात जाऊन बसतात. तिथल्या ऑर्गनचा भाता त्यांनी स्वतः नवं चामडं लावून घट्ट केला. “त्यांनी जपलंय, मग आपण का नाही?” हे त्यांचं म्हणणं. तुमच्या त्या खुर्चीने इथवर काम केलंय, काका.

या पत्राबरोबर बाबांनी नाट्यगृहातल्या त्याच ऑर्गनवर वाजवलेला एक तुकडा रेकॉर्ड करून पाठवतेय. आवाज थोडा घुसमटलेला आहे, कारण मोबाइल ठेवायला तिथे एकच टेबल होतं, तेही चुकीच्या बाजूला. खर्ज मात्र ऐकू येतो.

आणि त्यांचा एक प्रश्न आहे. आता तुमच्याकडे हवा विजेच्या पंख्याने भरतात, त्यामुळे दम एकसारखा राहतो. पूर्वी माणसं उभी राहून पायाने भाते दाबायची. बाबांचं म्हणणं, तेव्हा दोन दाबांच्या मध्ये सूर किंचित हलत असणार, आमच्या ऑर्गनमध्ये हलतो तसा, आणि त्या हलण्यानेच तो गात असणार. हे खरं का, ते तुमच्या वादकांना विचारून कळवा. उत्तर डचमध्ये पाठवलंत तरी चालेल, मैत्रिणीकडून त्याचं मराठी करून घेऊन मी त्यांना वाचून दाखवीन.

तुमची कृतज्ञ,
सांगलीच्या ऑर्गनवाल्यांची मुलगी